नागपूरची लाईन

घरातला टेलिफोन परत करायचा असं मुलाने ठरवलं आणि मी हरकत घेतली नाही. गेलं वर्षभर तो चुकीच्या नंबरांसाठी वाजत होता, नाहीतर कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींसाठी. त्या मुलींशी मी नीट बोलायचे. कानाला हेडसेट लावून दिवसभर अनोळखी माणसांशी बोललं की मान कुठे आखडते, हे मला ठाऊक आहे.

"तू कशाला जातेस? मी ऑनलाईन रिक्वेस्ट टाकतो," मुलगा म्हणाला.

"ज्या खात्याने पोसलं, त्याची वस्तू मी हातात नेऊन देईन," मी म्हटलं. मग टेलिफोन कापडी पिशवीत घातला, वारज्याहून बस पकडली आणि मंडईपाशी उतरून पेठेतल्या आमच्या जुन्या एक्स्चेंजच्या इमारतीत शिरले.

खाली एकच काउंटर चालू होतं. त्यावरच्या तरुण माणसाने टेलिफोन उलटासुलटा करून पाहिला, पावती दिली आणि सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही आपल्या खात्यातल्या का?"

"वरच्या मजल्यावर होते. ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडायला."

"मग जाऊन या ना. रंगकाम चालू आहे, दार उघडंच आहे."

जिना तसाच होता, कडेला झिजून गुळगुळीत झालेला. वरच्या दालनात दोन रंगारी शिडीवर होते आणि खाली काहीच नव्हतं. एका भिंतीच्या कडेने फरशीवर गडद चौकोनांची रांग तेवढी होती. बोर्ड उभे होते त्या जागी ऊन पोचलं नव्हतं, म्हणून तिथली फरशी अजून काळी. मी माझ्या चौकोनापाशी जाऊन उभी राहिले. तो कुठला हे मला मोजावं लागलं नाही. खिडकीबाहेर चिंचेचा शेंडा जिथून दिसतो, तो माझा.

नव्या रंगाच्या वासाखाली जुना वास होता की मलाच तो आला, सांगता येणार नाही. तापलेल्या तारांचा, हेडसेट पुसायच्या स्पिरिटचा, वेण्यांमधल्या अबोलीचा आणि ज्येष्ठमधाचा वास. आमच्यातल्या प्रत्येकीच्या पर्समध्ये ज्येष्ठमधाची काडी असायची. गळा हीच आमची पुंजी. थंडीत सकाळच्या पाळीला यायचं तेव्हा बोर्डाच्या पितळी भोकांना हात लावला की बोटं शहारायची आणि तासाभरात तेच पितळ कोमट व्हायचं. समोर बारके दिवे पेटत. दिवा पेटला की दोरी उचलायची, खुपसायची, खटका पुढे करायचा: "ट्रंक, बोला." एका ओळीत बसलेल्या सगळ्या बायका एकदम असं बोलत असत, आणि लांबून ते पाणी उकळल्यासारखं ऐकू येई.

मी नागपूरहून आले ती विशीत. वडील गिरणीत होते. दीक्षाभूमीवर लोटलेल्या त्या गर्दीत तेही होते, तरुण वयात. त्या दिवसानंतर आपण कुणापुढे मान खाली घालून उभं राहायचं नाही, आणि मुलींना शिकवायचं, या दोन गोष्टी त्यांनी पक्क्या केल्या. नोकरीचं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, "इतल्या दूर?" वडील म्हणाले, "सरकारी खातं आहे. ती जाईन."

पुण्यात पहिल्या दिवशी कानिटकर बाईंनी मला ऐकलं. त्या आमच्या सुपरवायझर. पांढरी साडी, चष्म्याला दोरी, आवाज कधी वर जात नसे.

"आपण नागपूरच्या ना?"

"हाव, नागपूरची."

"छान शहर आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे 'हाव' नाही, 'हो' म्हणायचं. 'नाई' नाही, 'नाही'. आणि ग्राहकाला शक्यतो तेही म्हणायचं नाही. 'लाईन व्यस्त आहे' म्हणायचं. तेवढ्यावर अर्धं पुणं घरी जातं."

महिनाभर त्यांनी माझ्याकडून 'ळ' आणि 'ण' घोटून घेतले. मी शिकले, आणि चांगलं शिकले. माझं पुणेरी मराठी पुढे इतकं साफ झालं, की खोली भाड्याने हवी म्हणून टेलिफोन केला की घरमालकीण लगेच "या ना बघायला" म्हणायची. गेल्यावर मात्र दुसरा प्रश्न आडनावाचा असे आणि तिसरा नसेच. शेवटी मला खोली मिळाली ती बिबवेवाडीत, खात्यातल्याच एका तारमास्तरांच्या घरी. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाळी कुठली? दार उघडायला कोण जागं राहणार?"

बोर्डावर आडनाव नव्हतं. तिथे मी 'पुणे एकवीस' होते. मुंबई, सोलापूर, हैदराबाद, सगळीकडच्या बोर्डांना मी तेवढीच माहीत. त्या आकड्यात मी फार ऐसपैस बसले.

आणि नागपूरला होती 'नागपूर सात'.

"पुणे, नागपूर बोलून राहिली," असं तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझा हात दोरीवर थांबला. कित्येक दिवसांत मी तो सूर ऐकला नव्हता. दोन कॉलच्या मधल्या वेळात मी हळूच म्हटलं, "नागपूर, तिकडं ऊन किती हाय?"

मग ती हसली. "बाप्पा, तू तं आपलीच निघाली."

तिचं नाव कुसुम. तिला मी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. पण संत्र्याला बहार आला की तो तिच्याकडून मला कळे. पाऊस लांबला की तीच सांगे. तिने विचारायचं, "गणपती कसे?" मी खटका उघडा ठेवून हेडसेट खिडकीकडे वळवायचे, म्हणजे ढोल तिला ऐकू जात. विसर्जनाच्या दिवशी तर खालून मिरवणुका जात आणि दालनात आम्हाला ग्राहक ऐकू येत नसे की ग्राहकाला आम्ही. दिवाळीत सगळ्या देशाला एकाच सकाळी एकमेकांशी बोलायचं असायचं, बोर्ड नुसता दिव्यांनी भरून जाई. आम्ही फराळ पदराखाली ठेवून एका हाताने खात असू. दसऱ्याला बोर्डाला झेंडूची माळ. ती बांधायचा मान पाळीपाळीने, आणि माझी पाळी आली तेव्हा मीही बांधली. घरी मी पूजा करत नाही. पण हा बोर्ड माझं काम होता, आणि कामाला हार घालताना मला कुठेच अडलं नाही.

मग यंत्र आलं.

म्हणजे आधी त्याची खोकी आली, शेजारच्या नव्या इमारतीत चढवली गेली. आता लोक घरबसल्या थेट नागपूर फिरवणार, मधे कुणी नको. सरळ गोष्ट होती आणि चांगली होती. तासन् तास कॉलची वाट बघणाऱ्या माणसांचे आवाज आम्ही रोज ऐकत होतो; यंत्र वाईट असं आमच्यातली एकही म्हणाली नसती. पण खोक्यांच्या मागोमाग कागद आला. बोर्डावरच्या बायका जास्तीच्या ठरल्या, त्यांची बदली जिथे बोर्ड अजून आहेत तिथे. लांबलांबच्या तालुक्यांची नावं होती. कुणाचं मूल पहिलीत होतं, कुणाची सासू अंथरुणावर. माझं लग्न ठरलं होतं, खडकीच्या कारखान्यातल्या एका शांत माणसाशी. आम्ही अर्ज केले. पुण्यातल्या साहेबांनी ते मुंबईला पाठवले, मुंबईने दिल्लीला, मंत्रालयात. तिथून उत्तर आलं नाही.

आलं ते स्वतः मंत्रालयच. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला दळणवळण खात्याचे मंत्री येणार होते. ते आमच्या विदर्भातले, शिकले मात्र पुण्यात. मंडपात बसून ते पहिला थेट कॉल फिरवणार होते आणि तोही नागपूरला, धाकट्या भावाकडे राहणाऱ्या आपल्या आईला.

समारंभाच्या सकाळी आमचे इंजिनियर साहेब जिना चढून वर आले. एरवी ते वर येत नसत. टायची गाठ सैल झालेली, कपाळावर घाम.

"कानिटकर बाई, नागपूर लागत नाहीये."

"आमचं लागतंय," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय. मुंबई लागतंय, कोल्हापूर लागतंय, नागपूरच नाही. दुपारपर्यंत होईल की नाही सांगता येत नाही. स्टेजवरचा टेलिफोन तुमच्या बोर्डावर घेतला तर? साहेब उचलतील, आकडे फिरवतील. दिवा तुमच्याकडे पेटेल. तुम्ही गुपचूप जोडायचं. 'ट्रंक' म्हणायचं नाही. काहीच बोलायचं नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आम्हाला घालवणारं यंत्र आम्हीच चालवायचं."

इंजिनियर साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. वाईट माणूस नव्हता तो. रात्ररात्र जागून डोळे सुजले होते त्याचे. बाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "एकवीस, नागपूर आपलं. बसा."

मी कुसुमला सगळं सांगितलं. तिने मंत्र्यांच्या घरचा नंबर काढून ठेवला आणि आम्ही दोघींनी ती लाईन धरून ठेवली. खाली मंडपात सनई, मग भाषणं. भोंग्याचा आवाज खिडकीतून वर येत होता. माझ्या मागे सगळी पाळी येऊन उभी राहिली होती. त्यांच्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या.

दिवा पेटला. मी दोरी लावली. आकडे फिरवल्याची टकटक कानात आली आणि ती थांबल्यावर मी कुसुमकडे एक बारीक टिचकी दिली. तिने घंटी दिली. तिकडे कुणीतरी उचललं, आणि खाली टाळ्या वाजल्या.

"आई, मी बोलतोय. पुण्याहून."

"कोन?" म्हातारीचा आवाज.

"मी, आई. मी पुण्याहून बोलतोय. यंत्रावरून."

"कोनाचं यंत्र? मोठ्यानं बोल, मले काई समजून नाई राहिलं."

मंडपात फक्त मंत्र्यांचं बोलणं ऐकू जात होतं. ते आवाज चढवत होते आणि प्रत्येक वेळी त्यांची भाषा आणखी पुस्तकी होत होती. लोकांसमोर बोलायची जी सवय असते, ती. म्हातारीला दुसऱ्याच कुणाचा तरी टेलिफोन वाटला. "रॉंग नंबर हाय," ती कुणाला तरी म्हणाली, आणि रिसीव्हर खाली जातोय हे मला कळलं. उचललेला रिसीव्हर आणि ठेवला जाणारा रिसीव्हर यांचा आवाज वेगळा असतो.

मी खटका पुढे केला. मागे कुणीतरी माझा खांदा धरला, तरी केला.

"आजी, ठेवू नोका. तुमचा लेक बोलून राहिला. पुण्यातून."

"तू कोन वं?"

"मी टेलिफोनवाली. तुमाले दूरचं ऐकू येत नाई म्हनून सांगून राहिली. बोला त्याच्यासंगं."

मग मंत्र्यांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, आणि यंत्र, पुणे, उद्घाटन सगळं सोडून म्हणाले, "माय, मी व्हय. जेवली का तू?"

"आता समजलं," म्हातारी म्हणाली. "जेवली. तू जेवला का?" मग भाजी कसली ते झालं, भावाच्या पोराचा ताप उतरला ते झालं. खाली मंडप कौतुकाने हसत होता. आणि मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काय रे, इतल्या लवकर बोलता येते आता? तुह्या बापाच्या वक्ताले हे असतं, तं तू पोचला असता त्याले. नाई का?"

त्यावर उत्तर आलं नाही. मंत्री पुण्यात शिकत असताना वडील गेले असणार, आणि तार मिळून गाडीत बसेपर्यंत सगळं उरकलं असणार, एवढं आम्हाला त्या एका वाक्यात कळलं. माझ्या कानात फक्त श्वास येत होता, अडत अडत. खाली भोंगा नुसता खरखरत राहिला. आम्ही दोघींनी लाईन धरून ठेवली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "येतो, माय. दिवाळीले येतो," आणि रिसीव्हर ठेवला. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आम्ही हसावं की रडावं या विचारात असतानाच जिन्यावर पावलं वाजली. पुढे मंत्री, मागे पुण्यातले सगळे मोठे अधिकारी, त्यांच्यात पांढरेफटक पडलेले इंजिनियर साहेब. मंत्री बोर्डापाशी आले आणि त्यांनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली.

"लाईनवर कोण होतं?"

"आपलं नवीन यंत्र, साहेब," कानिटकर बाई म्हणाल्या.

"वऱ्हाडी बोलणारं?"

मी हेडसेट काढून उभी राहिले. "मी होते."

"नागपूरच्या?"

"हो."

ते खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "शेवटचं जे बोलणं झालं..."

"लाईनवरचं बोलणं आमच्याकडे राहत नाही, साहेब. आम्ही तशी शपथ घेतलेली असते."

त्यांनी मान हलवली. माझ्या मनात तेव्हा भीती नव्हती. वडिलांनी शिकवलेलं उभं राहणं मी उभी होते. मी म्हटलं, "साहेब, यंत्र दोन दिवसांत सुरळीत होईल, आमचे इंजिनियर साहेब रात्रंदिवस त्याच्यामागे आहेत. आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण आमचे अर्ज आपल्या मंत्रालयात पडून आहेत. आज ज्यांनी तुमचा कॉल लावला, त्यांना घरं सोडून लांब जायला सांगितलंय. नवीन काम द्या, आम्ही शिकू. या शहराचं बोलणंसुद्धा मी इथे येऊनच शिकले."

एक अधिकारी पुढे होऊन म्हणाले, "दिल्लीला गेल्यावर साहेब नक्की विचार करतील."

मंत्र्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या शेजारचं उंच स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. "दिल्ली लागते का तुमच्या बोर्डावरून?"

"लागते."

"मग लावा. आमच्या सचिवांना."

मी दिल्ली लावली. ते आमच्यासमोर सचिवांशी बोलले, अर्जांचं विचारलं, बदल्या थांबवायला सांगितल्या. बोलणं संपल्यावर कानिटकर बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, हा सरकारी कॉल धरू ना?" ते हसत जिना उतरले.

बदल्या थांबल्या. सगळ्यांचं भलं झालं असं नाही. दोघींनी नोकरी सोडली, एकीला कॉम्प्युटरची भीती शेवटपर्यंत गेली नाही. बाकीच्या आम्ही चौकशीच्या टेबलावर, बिलांच्या खिडकीवर, नव्या यंत्राच्या खोलीत पांगलो, पण पुण्यातच. यंत्र आठवड्याभरात नीट चालू लागलं आणि फार चांगलं चाललं. एका दुपारी बोर्डावरच्या दिव्यांचा शेवटचा पट्टा बंद झाला. कुसुम म्हणाली, "आता कशी भेटशीन?" मी म्हटलं, "आकडे फिरवून." त्यानंतर ती मला अनेकदा टेलिफोनवर भेटली, पण ते दोन कॉलच्या मधल्या वेळात चोरून बोलणं राहिलं नाही. ते मात्र मला अजून हवंसं वाटतं.

"मावशी, जरा सरकता का?" रंगारी वरून म्हणाला. "थेंब पडतील." मी सरकले. भिंतीचा पिवळा रंग खरवडला जात होता आणि खाली आधीचा हिरवा एका जागी दिसत होता. आमच्या वेळचा हिरवा. मी त्याला हात लावला, मग बोट पुसलं. खिडकीशी थोडा वेळ उभी राहिले. खाली बुधवार पेठेच्या बाजूने माणसांचा लोंढा येत होता, प्रत्येक जण कुणाशी तरी बोलत, आणि सगळ्यांच्या लाईनी लागलेल्या होत्या. मला बरं वाटलं. जिना उतरताना कठडा धरला आणि नागपूरचं ते अंगण आठवलं.

लग्नाआधी मी रजा घेऊन घरी गेले होते. स्टेशनवर कुसुम आली होती. मी मनात धरली होती तिच्यापेक्षा बरीच बुटकी आणि सावळी, केसांत मोठं पिवळं फूल. तोंड उघडेपर्यंत ती परकी होती. दुसऱ्या दिवशी ती मला मंत्र्यांच्या आईकडे घेऊन गेली. म्हातारी अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी जवळ जाऊन, मोठ्याने नाव सांगितलं.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "आवाज वळखला. टेलिफोनवाली."

तिने आम्हाला बसवलं, शेंगा दिल्या, माझं लग्न कुणाशी, तो काय करतो, सगळं विचारून घेतलं. मग हातातली शेंग तशीच ठेवून म्हणाली, "मले एक सांग. त्या दिवशी मी त्याच्या बापाचं बोलली, आन् मंग लय वेळ तो बोललाच नाई. काहून?"

लाईनवर ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. नोकरी संपेपर्यंत तो नियम मी एकदाच मोडला. मोडला ते योग्य केलं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

"रडून राहिले होते, आजी."

"लोकाईपुढं?"

"कोनाले दिसलं नाई. पाठ करून बसले असतीन. फक्त आमाले ऐकू आलं."

म्हातारीने शेंग पुन्हा उचलली, नखाने उभी चिरली आणि दाणे ताटात टाकले.

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "मले वाटलं, लाईन तुटली."